सेनोटाफपुढचे कपडे

दर वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर दोन मिनिटं सगळं स्तब्ध होतं. रस्त्याच्या मधोमध पोर्टलंड दगडाचा सेनोटाफ उभा आहे, युद्धात गेलेल्यांची रिकामी समाधी. तिच्यापुढे राजा, राजघराण्यातले पुरुष, पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि राष्ट्रकुलातल्या देशांचे उच्चायुक्त, आणि त्यांच्यामागे हजारो माजी सैनिक. वर परराष्ट्र खात्याच्या सज्जात राजघराण्यातल्या स्त्रिया काळ्या कोटात, काळ्या हॅटमध्ये, छातीवर पॉपीची लाल फुलं लावून उभ्या असतात. बिगुल वाजतो, पुष्पचक्रं वाहिली जातात, माजी सैनिक संचलन करत निघून जातात. आणि दुपार व्हायच्या आत कपड्यांची चर्चा सुरू होते. युवराज्ञीचा कोट कुणी शिवला, हॅटला जाळी होती का, पॉपी दोन होत्या की तीन, गणवेश कुणी घातला आणि कुणाला घालू दिला नाही, कोणत्या पुढाऱ्याचा पोशाख प्रसंगाला शोभला नाही.

या चर्चेला उथळ म्हणून उडवून लावणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दुःखाच्या जाहीर प्रसंगी राजघराण्याने अंगावर काय घालावं याबद्दल ब्रिटिश माणूस गेली दीडशे वर्षं पोटतिडकीने बोलत आला आहे. गेलेल्यांचा मान जिवंतांनी कसा राखायचा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचं सर्वांत सच्चं उत्तर त्या समाजाला 1919 आणि 1920 या दोन वर्षांत सापडलं होतं, आणि पुढे तेच उत्तर हळूहळू त्याच्या हातून निसटत गेलं, असं मला या सगळ्या इतिहासाकडे पाहून वाटतं.

सुरुवात मात्र त्याआधीची, व्हिक्टोरिया राणीपासूनची.

14 डिसेंबर 1861 रोजी विंडसरच्या वाड्यात तिचा नवरा अल्बर्ट वारला. दोघंही 42 वर्षांची. त्या दिवसापासून 22 जानेवारी 1901 ला स्वतः जाईपर्यंत राणीने काळे कपडे उतरवले नाहीत. डोक्यावर विधवेची पांढरी टोपी आणि खाली काळा पायघोळ झगा, हीच तिची ओळख होऊन बसली. त्या काळी इंग्लंडात सुतकी कापडाचा स्वतंत्र धंदाच होता. क्रेप नावाचं कापड रेशमाचंच, पण तापलेल्या रुळांतून काढून त्याला सुरकुत्या पाडलेल्या असत, म्हणजे रेशमाची चमक पुरती मरून जाई. शोकात चमक चालत नसे. एसेक्समधल्या कोर्टोल्ड घराण्याच्या गिरण्या या कापडावर गबर झाल्या. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर जे नावाच्या व्यापाऱ्याचं सुतकी कपड्यांचं भलं मोठं दुकान 1841 पासूनच उभं होतं. विधवेने पहिलं एक वर्ष आणि एक दिवस नखशिखान्त क्रेप घालायचं, मग थोडं कमी, मग नुसतं काळं रेशीम, आणि शेवटी अर्ध्या दुखवट्याचे राखाडी आणि फिके जांभळे रंग. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं. हे क्रेप पावसात भिजलं की त्याचा रंग सुटे आणि अंगावर काळे डाग पडत. बायको गेलेल्या पुरुषाला मात्र हॅटभोवती एक काळी पट्टी बांधली की पुरे.

हे वाचताना मराठी वाचकाला आपल्याकडचं आलवण आठवल्याशिवाय राहणार नाही. त्याच दशकांत पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरांतून केशवपन केलेल्या बायका लाल आलवणात उभं आयुष्य काढत होत्या, आणि 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला. दोन्हींत फरक मोठा आहे. इंग्रज विधवेला दुसरं लग्न करता येत होतं, तिच्या कपड्यांना मुदत होती, आपल्या बाईच्या आलवणाला मुदत नव्हती. पण दुःख कुणी अंगावर वागवायचं आणि त्यावर नजर कुणी ठेवायची, याची वाटणी दोन्हीकडे एकच होती.

राणीच्या काळ्या कपड्यांबद्दल लोकांचं मत फिरत गेलं. आधी सहानुभूती होती. दोन-तीन वर्षांत तिची जागा वैतागाने घेतली. राणी लोकांत येईना, संसदेचं उद्घाटन करीना. 1864 मध्ये कुणीतरी बकिंगहॅम राजवाड्याच्या कुंपणावर, धंदा बसल्यामुळे ही जागा भाड्याने देणे आहे अशा अर्थाची पाटीच लावली. 1887 च्या सुवर्णमहोत्सवात तिने मुकुट घालावा म्हणून मंत्र्यांपासून सुनेपर्यंत सगळ्यांनी गळ घातली, पण ती बॉनेटच घालून गेली. 22 जून 1897 ला, ज्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली त्याच दिवशी, हीरकमहोत्सवाच्या मिरवणुकीतही ती काळ्या रेशमी पोशाखात आणि बॉनेटमध्ये बसली होती. तोपर्यंत लोकांचा वैताग ओसरून त्याची जागा मायेने घेतली होती. एकच काळा झगा, पण 1864 मध्ये तो कर्तव्यात कसूर ठरला आणि 1897 मध्ये निष्ठा. झग्यात काहीच बदललं नव्हतं.

आणि मग तिने सगळ्यांना चकित केलं. स्वतःच्या अंत्यविधीच्या सूचना तिने लिहून ठेवल्या होत्या. तिला पांढरे कपडे घातले गेले, चेहऱ्यावर लग्नातली ओढणी घातली गेली. रस्त्यांवर काळे पडदे नकोत असं तिने बजावलं होतं. 2 फेब्रुवारी 1901 ला तोफेच्या गाड्यावरून तिची शवपेटी निघाली तेव्हा लंडन जांभळ्या आणि पांढऱ्या कापडांनी झाकलेलं होतं. चाळीस वर्षं काळं नेसलेल्या बाईला मरणाच्या दारात काळं नको होतं. तिच्या आयुष्यातली ही एक गोष्ट मला फार जवळची वाटते.

सातवा एडवर्ड 6 मे 1910 ला गेला. त्या जूनमध्ये अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीला सगळा उमराव वर्ग काळ्या कपड्यांत आला, बायकांच्या भल्यामोठ्या हॅटवर काळी पिसं. शर्यत चुकवायची नव्हती आणि दुखवटाही मोडायचा नव्हता. जुन्या पद्धतीचा तो शेवटचा मोठा देखावा ठरला, कारण चार वर्षांत महायुद्ध आलं.

1914 ते 1918 मध्ये एकट्या ब्रिटनची सात लाखांहून अधिक माणसं मेली. हिंदुस्थानातून 13 लाखांहून जास्त लोक गेले, त्यांतले सुमारे 74,000 परतले नाहीत. कूतच्या वेढ्यात अडकून 29 एप्रिल 1916 ला शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि तुर्कांच्या कैदेतली पायपीट, भूक आणि रोगराई यांत त्यातले कितीतरी संपले. अशा संहारात जुनं सुतक टिकणं शक्यच नव्हतं. घरटी माणूस गेलेलं असताना प्रत्येक बाईने अडीच वर्षं क्रेप घातलं असतं तर सगळा देश काळाठिक्कर दिसला असता. शिवाय बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत, बसमध्ये, शेतांत कामाला लागल्या होत्या, तिथे पायघोळ क्रेप घालून चालणार कसं? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरी प्रेतच येत नव्हतं. रणांगणावर पडलेल्याचा देह मायदेशी आणायचा नाही असं सरकारने ठरवलं होतं, मग तो उमरावाचा मुलगा असो की मजुराचा. देह नाही, अंत्ययात्रा नाही, कबरीवर फूल ठेवायची सोय नाही. लाखो घरांचं दुःख असं अधांतरी लोंबकळत राहिलं.

19 जुलै 1919 ला लंडनमध्ये विजयाचं संचलन ठरलं. मेलेल्यांना सलामी देण्यासाठी रस्त्यात काहीतरी उभारावं म्हणून पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांना बोलावलं, तेच लट्यन्स ज्यांनी नवी दिल्ली घडवली. त्यांनी झटपट आराखडा काढून दिला आणि लाकूड-प्लास्टरचा तात्पुरता सेनोटाफ उभा राहिला. संचलन संपलं की तो काढून टाकायचा होता. पण लोकांनी त्याच्या पायथ्याशी फुलांचे ढीग घातले. ज्यांना कबर नव्हती त्यांना ती इथे सापडली. तो हलवणं अशक्य झालं, आणि तोच आकार दगडात घडवायचं ठरलं.

या दगडाकडे नीट पाहायला हवं. सुमारे 35 फूट उंच. त्यावर माणसाची आकृती नाही, देवदूत नाही, क्रूस नाही. गेलेल्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदू, मुसलमान, शीख, ज्यूही होते, म्हणून कोणत्याही धर्माचं चिन्ह लट्यन्स यांनी ठेवलं नाही. लांबून सरळ दिसणाऱ्या त्याच्या उभ्या रेषा सरळ नाहीतच. त्या वर वाढवत नेल्या तर सुमारे हजार फुटांवर एकमेकींना भेटतील इतक्या किंचित कललेल्या आहेत, आणि आडव्या रेषांनाही तसाच अलगद बाक आहे. सजावट अशी जवळपास नाहीच, एवढी सगळी कारागिरी त्या बाकात मुरली आहे. दोन्ही बाजूंना झेंडे आहेत. ते दगडातच कोरून रंगवावेत असा लट्यन्स यांचा आग्रह होता, पण तो मानला गेला नाही. कापडी झेंडे लागले, ते मळले की बदलतात. त्या समाधीच्या अंगावर कापड आहे ते एवढंच.

11 नोव्हेंबर 1920 ला पाचव्या जॉर्जने त्याचं अनावरण केलं. दोन मिनिटांच्या शांततेची प्रथा त्यानेच आदल्या वर्षी सुरू केली होती. त्या सकाळी फ्रान्समधून आणलेल्या एका अनोळखी सैनिकाची शवपेटी तोफेच्या गाड्यावरून सेनोटाफपाशी आली आणि फील्डमार्शलच्या गणवेशातला राजा तिच्यामागून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीपर्यंत पायी चालत गेला. अ‍ॅबीत मानाच्या जागा कुणाला दिल्या होत्या? नवरा आणि झाडून सगळे मुलगे युद्धात गमावलेल्या सुमारे शंभर बायकांना. कुणाचा पोशाख कसा, असा प्रश्नच त्या दिवशी उरला नव्हता, कारण जिचं सगळं गेलं तिच्यापुढे राणीचं काळं रेशीमही गप्प होतं. 1919-20 चं उत्तर सापडलं होतं म्हणतो ते हे. दगड उघडा ठेवा, नाव कुणाचंच लिहू नका, आणि मान ज्याचं गेलं त्याला द्या.

पुढच्या वर्षी, 1921 मध्ये, ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने पहिल्यांदा पॉपीची फुलं विकली. 1922 मध्ये मेजर जॉर्ज हाउसन यांनी अपंग सैनिकांना काम मिळावं म्हणून पॉपीचा कारखाना काढला. फूल असं बेतलेलं होतं की एकच हात उरलेल्या माणसालाही ते जोडता यावं. लाल पाकळ्या, मध्ये काळा ठिपका. दुखवट्याचा हा एकमेव दागिना गरिबाच्या आवाक्यातला होता आणि राजाच्या छातीवरही तोच होता. राजघराण्यालाही त्याची ओढ खरी होती. 1923 च्या एप्रिलमध्ये लग्नाला निघालेल्या एलिझाबेथ बोज-लायन यांनी, ज्या पुढे सहाव्या जॉर्जची राणी आणि मग राजमाता झाल्या, अ‍ॅबीत शिरताना आपला पुष्पगुच्छ अनोळखी सैनिकाच्या कबरीवर ठेवला. त्यांचा भाऊ फर्गस 1915 मध्ये लूसच्या लढाईत पडला होता. तेव्हापासून राजघराण्यातल्या नवऱ्या मुलींचा पुष्पगुच्छ त्या कबरीवर जातो.

याच बाईंनी 1938 मध्ये शोकाच्या रंगाबद्दलही एक धीट निर्णय घेतला. पॅरिसचा राजकीय दौरा तोंडावर असताना जूनमध्ये त्यांची आई वारली. काळ्या कपड्यांत पॅरिसला गेलं तर दौऱ्याचा हेतूच फसतो. तेव्हा शिवणकार नॉर्मन हार्टनेल यांनी जुन्या फ्रेंच राण्या शोकात पांढरं घालत हे आठवून सगळे पोशाख थोड्याच आठवड्यांत पांढऱ्या रंगात नव्याने शिवले. पॅरिस त्या पांढऱ्यावर फिदा झालं. आणि ज्यांना माहीत होतं त्यांना कळलं की ही मुलगी आईच्या सुतकात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर 10 नोव्हेंबर 1946 ला सेनोटाफवर नव्या युद्धाची वर्षं कोरली गेली आणि सोहळा रविवारी सरकला. 1952 पासून तो दुसऱ्या एलिझाबेथच्या हाती आला. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. जूनमधल्या वाढदिवसाच्या संचलनात त्या 1986 पर्यंत लष्करी लाल अंगरखा घालून घोड्यावर बसत. पण नोव्हेंबरात, सैन्याच्या सर्वोच्च प्रमुख असूनही, त्यांनी गणवेश घातला नाही. साधा काळा कोट, काळी हॅट, पॉपीची फुलं. आजूबाजूला नवरा, मुलगा, सेनाधिकारी सगळे गणवेशात, पदकांनी झगमगणारे, आणि मधोमध ही काळ्या कोटातली बाई पुष्पचक्र ठेवून दोन पावलं मागे सरून मान झुकवणार. ज्या विधवा आणि आया 1920 मध्ये अ‍ॅबीत बसल्या होत्या त्यांच्या वतीनेच जणू त्या उभ्या राहत. त्यांच्या पोशाखाबद्दल कुणाला मत द्यावंसं वाटलं नाही, हे त्या पोशाखाचं यश होतं.

पण मत द्यायची सवय मेली नव्हती. 8 नोव्हेंबर 1981 ला तिने एका माणसाचा बळी घेतला.

मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट तेव्हा 68 वर्षांचे होते. पिकलेले विस्कटलेले केस, जाड भिंगाचा चष्मा, चालताना काठी. पत्रकार आणि ग्रंथवेडा माणूस. त्या सकाळी सेनोटाफपुढे विरोधी पक्षनेते म्हणून ते उभे राहिले ते एका आखूड, हिरवट गडद रंगाच्या लोकरी कोटात. इतर पुढारी काळ्या लांब ओव्हरकोटात होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. फूट यांनी डाँकी जॅकेट घातलं होतं, म्हणजे रस्ते खणणाऱ्या मजुराचा जाडाभरडा कोट घालून ते हुतात्म्यांचा अपमान करायला आले होते, असा ओरडा झाला. त्यांच्याच पक्षाच्या एका खासदाराने त्यांची संभावना बेकार खड्डेखोद्या म्हणून केली. वास्तविक तो मजुराचा कोट नव्हताच. त्यांच्या पत्नीने, चित्रपट दिग्दर्शक जिल क्रेगी यांनी, त्यांच्यासाठी आणलेला तो चांगला नवा कोट होता. आणि जिच्या मताला तिथे सर्वांत जास्त वजन होतं, जिचा स्वतःचा भाऊ लूसला पडला होता, त्या राजमातेने त्यांना जवळ येऊन सांगितलं की अशा थंडीत हा कोट छान आहे, सोयीचा आहे. फूट ही आठवण पुढे आवर्जून सांगत.

ज्याच्यावर सैनिकांच्या अपमानाचा आरोप झाला तो माणूस कोण होता? दम्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्यांना लष्करात घेतलं नाही, पण 1940 मध्ये, डंकर्कहून ब्रिटिश सैन्य जीव वाचवून परतल्याबरोबर, आणखी दोघा पत्रकारांबरोबर टोपणनावाने त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. हिटलरपुढे नमतं घेऊन ज्या पुढाऱ्यांनी सैनिकांना अपुऱ्या शस्त्रांनिशी मरायला पाठवलं त्यांची नावं घेऊन त्यात जाब विचारला होता. भारताच्या स्वातंत्र्याचे ते जुने पाठीराखे, कृष्ण मेनन यांच्याबरोबर इंडिया लीगमध्ये वावरलेले. अशा माणसाची सैनिकांबद्दलची निष्ठा त्याच्या कोटाच्या लांबीवरून मोजली गेली. 1983 च्या निवडणुकीत मजूर पक्षाला फक्त 209 जागा मिळाल्या. त्या पराभवाला पक्षातली दुफळी, फॉकलंडचं युद्ध अशी मोठी कारणं होती, पण लोकांच्या मनात फूट यांची जी प्रतिमा ठसली ती त्या कोटाची. तो कोट आज मँचेस्टरच्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तिथे जाणाऱ्या कुणालाही दिसतं की कापड चांगलं आहे, शिलाई नीट आहे आणि मजुरांच्या जॅकेटला असतात तशा खांद्यावरच्या चामडी पट्ट्या त्याला नाहीत. 2018 मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, त्याच पक्षाचे जेरेमी कॉर्बिन टोपीचं जॅकेट घालून आले म्हणून पुन्हा तोच ओरडा झाला. सदतीस वर्षांत टीकेची भाषासुद्धा बदलली नव्हती.

राजघराण्यातल्या स्त्रियांच्या वाट्याला याची दुसरी बाजू आली. तिथे दोष नसेल तर अर्थ शोधला जातो. एलिझाबेथ राणी पाच पॉपी लावत. का, हे राजवाड्याने कधी सांगितलं नाही. लोकांनी मात्र अर्थ लावले, नौदल, लष्कर, वायुदल, नागरी संरक्षण आणि स्त्रिया असे पाच. युवराज्ञी केट यांनी तीन पॉपी लावल्या तेव्हा त्यांच्या पणजीचे तीन भाऊ पहिल्या महायुद्धात गेले होते हे शोधून काढण्यात आलं. खुलासा पुन्हा नाहीच. पॉपी डाव्या बाजूला की उजव्या, पान घड्याळाच्या अकराकडे वळलेलं की नाही, यावरूनही लोक एकमेकांना धडे देतात, आणि ज्यांचं ते फूल आहे ती लीजन मात्र सांगत आली आहे की ते लावण्याची चुकीची अशी पद्धतच नाही. तीन भावांचा तो शोध मला मनापासून आवडतो. त्यात निदान मेलेल्या माणसांची नावं वर आली. कोटाच्या बटणांची लष्करी धाटणी आणि त्याची किंमत यावर रकाने भरतात त्यात तेवढंही नसतं. तीच चर्चा सज्जाखाली उभ्या असलेल्या राजकन्या अ‍ॅन यांच्याबद्दल होत नाही, कारण त्या नौदलाच्या गणवेशात पुरुषांच्या रांगेतून पुढे येऊन पुष्पचक्र वाहतात. गणवेशातल्या बाईला तिचा शिवणकार कुणी विचारत नाही.

गणवेशाचीही भांडणं झालीच. 17 एप्रिल 2021 ला राजपुत्र फिलिप यांच्या अंत्यविधीला राजघराण्यातले सगळे पुरुष साध्या पोशाखात, फक्त पदकं लावून आले. प्रत्यक्ष युद्धात दोनदा अफगाणिस्तानात गेलेल्या राजपुत्र हॅरीला राजघराण्याची कामं सोडल्यामुळे गणवेशाचा हक्क उरला नव्हता, आणि एकट्याने साध्या कोटात चालण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून राणीने सगळ्यांनाच तो उतरवायला लावला असा अर्थ तेव्हा लावला गेला. तसं असेल तर पोशाखाचा तो मला माहीत असलेला सर्वांत समंजस उपयोग आहे. सप्टेंबर 2022 मध्ये राणी स्वतः गेल्या तेव्हा तो समंजसपणा टिकला नाही. कुणाला एका दिवसापुरता गणवेश, कुणाच्या खांद्यावर राणीची आद्याक्षरं आणि कुणाच्या नाही, यावर दिवसचे दिवस चर्चा चालली.

त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीच्या दिवसांत, राणीने केलेली एक गोष्ट मी या सगळ्या इतिहासात वरच्या जागी ठेवतो. अनोळखी सैनिकाच्या दफनाला शंभर वर्षं होत होती. 94 वर्षांची राणी अगदी मोजक्या माणसांबरोबर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत गेली. अंगावर काळा पोशाख, आणि चेहऱ्यावर काळा मास्क. मास्कमध्ये ती लोकांना पहिल्यांदाच दिसली. आपल्या लग्नातल्या गुच्छासारखाच ऑर्किड आणि मर्टलचा एक छोटा गुच्छ तिने कबरीवर ठेववला आणि मान लववली. त्या वर्षी हजारो घरांना आपल्या माणसाचा अंत्यविधी धड करता आला नव्हता, पहिल्या महायुद्धातल्या घरांसारखाच. चेहरा झाकलेली ती म्हातारी बाई त्या दिवशी त्यांच्यातलीच एक होती, आणि तिथे तिच्या कपड्यांनी जे काम केलं ते कोणत्याही शिवणकाराला जमणारं नव्हतं.

तेव्हा माझं मत असं. सेनोटाफपुढचा पोशाख चांगला ठरतो तो नजर स्वतःवरून काढून त्या दगडाकडे वळवतो तेव्हा. एलिझाबेथ राणीच्या काळ्या कोटाने ते साठहून अधिक वर्षं केलं. फूट यांच्या कोटानेही ते सहज केलं असतं, पाहणाऱ्यांनी करू दिलं असतं तर. दोष बहुतेक वेळा घालणाऱ्याचा नसतो, पाहणाऱ्याचा असतो.

सेनोटाफवरच्या त्या कापडी झेंड्यांत एक लाल आहे, व्यापारी जहाजांचा. त्या जहाजांच्या भट्ट्यांपुढे कोळसा ओढणारे, डेकवर राबणारे हजारो खलाशी कोकणातले, गोव्यातले, गुजरात-बंगालचे होते. त्यांना गणवेश नव्हता, पदकं नव्हती, आणि पाणतीराने जहाज फुटलं की कबरही नव्हती. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या अशा 2,000 हून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागात, इंडियन सेलर्स होमच्या आवारात आहे. नोव्हेंबरात लंडनची छायाचित्रं पाहून कुणाचा कोट कसा होता यावर मत बनवण्याआधी, मुंबईकर वाचकाने एकदा तिथे जाऊन यावं.